गोव्यातल्या कुटुंबाने हायब्रिड गाडी कशी वापरावी

ह्युंदाई, किया किंवा टाटाच्या मधल्या आकाराच्या गाड्या पाहून झाल्यावर पुष्कळ कुटुंबे शेवटी टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड व्हिटारा यांच्या हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) प्रकाराशी येऊन थांबतात आणि शोरूममध्ये 27.97 हा एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा आकडा ऐकून हरखून जातात. प्रयोगशाळेत मिळालेला हा लिटरमागे किलोमीटरचा आकडा खरा आहे. पण फोंड्यात घर, पणजीत नोकरी, मुलांची शाळा फर्मागुढीच्या बाजूला आणि महिन्यातून एकदा बेळगावला फेरी अशा आमच्या संसारात तो सहजासहजी हाती लागत नाही. तीन पावसाळे या गाडीबरोबर काढल्यावर आमची सरासरी 21 ते 22 वर स्थिरावली आहे. यातले पहिले 17 किलोमीटर गाडीने आपणहून दिले आणि उरलेले चार-पाच आम्हाला शिकून मिळवावे लागले.

खरेदीपूर्वी हिशेब मांडावा. याच गाड्यांचा 'माइल्ड हायब्रिड' प्रकारही मिळतो. त्यातली छोटी मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, एकटी चाके फिरवू शकत नाही. 'स्ट्राँग हायब्रिड' मात्र इंजिन पूर्ण बंद ठेवूनही काही अंतर चालते आणि त्यासाठी किंमतही बरीच जास्त मोजावी लागते. समजा हा फरक दोन लाखांचा आहे, पेट्रोल सोयीसाठी लिटरला शंभर रुपये धरले आणि साधी गाडी 14 तर हायब्रिड 21 किलोमीटर देते असे मानले, तर महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे सुमारे 24 लिटर पेट्रोल, म्हणजे वर्षाला साडेअठ्ठावीस हजार रुपये वाचतात आणि दोन लाख वसूल व्हायला सात वर्षे लागतात. महिन्याला सहाशे किलोमीटरच चालवणाऱ्याला हाच काळ बारा वर्षांपर्यंत जातो. अशा घराने साधी गाडी घेतली तर त्यात कमीपणा काहीच नाही.

आता मुख्य गोष्ट. या गाडीतल्या मोठ्या बॅटरीला लोक फार मोठी समजतात. प्रत्यक्षात तिची क्षमता 0.76 किलोवॉट तास, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत जेमतेम पाऊण युनिट आहे. तो पाण्याचा हंडा नव्हे, तांब्या आहे, आणि तो दिवसभर रिता होत राहतो व पुन्हा भरत राहतो. बाहेरून प्लग लावून तो भरता येत नाही. तो भरतो इंजिनामुळे किंवा गाडीचा वेग कमी होताना चाकांनी मोटर उलटी फिरवल्यामुळे, आणि यातला दुसरा मार्ग फुकटचा आहे. म्हणून समोरच्या सिग्नलपाशी किंवा शाळेच्या फाटकाशी थांबायचे आहे हे जितके लवकर ओळखून पाय उचलाल आणि ब्रेकवर जितका हलका दाब ठेवाल, तितकी जास्त वीज परत मिळते. शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक दाबला की तीच ऊर्जा डिस्क आणि पॅड तापवण्यात जाते. आमच्या घरी चौघे गाडी चालवतात आणि महिन्याच्या सरासरीत दिसणारा फरक बहुधा ब्रेकवरच्या पायाचाच असतो. (कोणाच्या पायाचा, हे घरातली शांतता राखण्यासाठी लिहीत नाही.)

फर्मागुढीहून म्हार्दोळ, मंगेशीकडे उतरणारा रस्ता हा सराव करण्यासाठी उत्तम आहे. वरून निघतानाच ॲक्सिलरेटर सोडावा, डॅशबोर्डवरचा काटा 'चार्ज' भागात ठेवावा आणि खाली आल्यावर भरलेल्या बॅटरीवर बाणस्तारीच्या दिशेने शक्य तितके शांत जावे. बेळगावच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात मात्र ही युक्ती अर्ध्यावर संपते. लांब उतारावर तांब्या काही मिनिटांतच काठोकाठ भरतो, त्यानंतर वीज साठवायला जागा उरत नाही आणि ब्रेकचा सगळा भार पॅडवर येतो. त्या आधीच गिअरचा दांडा 'बी'वर न्यावा, म्हणजे इंजिन गाडीला मागे ओढून धरते. त्या वेळी इंजिन अचानक गुरगुरू लागते. बिघाड झाला असे समजून घाबरू नये. चढणीवर याच्या उलट होते: बॅटरी रिकामी होत जाते आणि ई-सीव्हीटीमुळे (ठरावीक गिअर नसलेल्या स्वयंचलित यंत्रणेमुळे) इंजिन एकाच सुरात घोंघावत राहते. पाच माणसे आणि सामान असेल तर तीन सिलिंडरच्या दीड लिटर इंजिनाकडून ओव्हरटेकसाठी फार अपेक्षा धरू नये.

साधी पेट्रोल गाडी हमरस्त्यावर अधिक ॲव्हरेज देते आणि गावात कमी. हायब्रिडचे बरोबर उलटे आहे. पणजीतल्या गर्दीत, चोडणच्या फेरीबोटीच्या रांगेत किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ही गाडी खऱ्या अर्थाने स्वस्त पडते, कारण थांबत सरकताना इंजिन बहुतेक वेळ बंद असते. राष्ट्रीय महामार्ग 66 वरून मोपा विमानतळाकडे ताशी शंभरच्या वेगाने निघालात तर इंजिन जवळजवळ अखंड चालते आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेच अंतर ऐंशीने कापले तर ॲव्हरेजमध्ये स्पष्ट फरक दिसतो.

अगदी छोट्या फेऱ्या ही या गाडीची कमकुवत बाजू आहे. सकाळी थंड असलेले इंजिन स्वतःला आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवण्यासाठी बॅटरी भरलेली असली तरी काही वेळ चालतेच. पाव आणायला एक किलोमीटर, मग दुधासाठी पुन्हा एक, असे केले तर प्रत्येक वेळी हा खर्च नव्याने होतो. शाळा, बाजार आणि बँक ही कामे एकाच फेरीत उरकावीत. पावासाठी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट पाहावी, तो दारात येतोच. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनेही ॲव्हरेज थोडे घटते, कारण इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यावर चालकाकडे उपाय नाही, पण टायरमधल्या हवेवर आहे, आणि ती दर पंधरा दिवसांनी टायर थंड असताना तपासावी.

पावसाळ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मोटरच वेग कमी करत असल्यामुळे या गाडीचे ब्रेक पॅड दीर्घकाळ टिकतात, याचा सगळ्यांना आनंद होतो. पण आपल्याकडच्या दमट, खारट हवेत कमी वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम होतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, दोन-तीन वेळा ठामपणे ब्रेक दाबावा आणि पावसाळा संपल्यावर कॅलिपर खोलून साफ करून घ्यावेत. पॅड जाड आहेत म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये हे काम टाळले जाऊ शकते. आपण आग्रह धरावा. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्याची खोली ठाऊक नसेल तर मागे फिरावे. पाणी आत शिरले तर गाडी पुन्हा सुरू करून पाहू नये. टो करताना पुढची चाके उचललेली असावीत, कारण ती जमिनीवर फिरत राहिली तर मोटर वीज निर्माण करत राहते. बॉनेटखाली दिसणाऱ्या नारिंगी वायरींत जिवाला धोका होईल इतका जास्त व्होल्टेज असतो. गॅरेजमधल्या ओळखीच्या पोराने उत्साहाने तिथे प्रेशरचा पाइप धरू नये. पावसात उबेला येणाऱ्या उंदरांनी त्या वायरी कुरतडल्या तर खर्च मोठा होतो, म्हणून गाडी लाकडांच्या आणि नारळाच्या सोडणांच्या ढिगाजवळ ठेवू नये. माडाखाली का ठेवू नये, हे सांगायची गरज नसावी.

अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा प्रवासी कक्षातूनच, मागच्या सीटजवळच्या जाळीतून घेतली जाते. आपल्या गाडीत ती कुठे आहे हे पुस्तिकेत पाहून घ्यावे आणि तिच्यावर दप्तर, टॉवेल किंवा मिरामारची वाळू भरलेली पिशवी ठेवू नये. जाळीमागचा फिल्टर दर सर्व्हिसला साफ करून घ्यावा. बॅटरीमुळे डिकीही लहान होते, याची जाणीव आम्हाला पहिल्या चतुर्थीला झाली. माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचे) सामान, नारळ, केळीचा घड आणि चौघांच्या बॅगा असे सगळे एकाच फेरीत मावेना. आता माटोळीचे सामान आदल्या दिवशी मागची सीट पाडून नेतो.

गाडी 'रेडी', म्हणजे बटण दाबून चालायला तयार, असताना इंजिन बंद असू शकते, ही गोष्ट घरातल्या ज्येष्ठांना आणि मुलांना आवर्जून समजावावी. आवाज नाही म्हणून गाडी बंद आहे असे मानून माझे वडील एकदा 'डी'वरच उतरू लागले होते. दांडा 'पी'वर, हँडब्रेक, मग बटण, हा क्रम सगळ्यांच्या हाताला लागलाच पाहिजे. बंद गॅरेजमध्ये 'रेडी' गाडी कधीही सोडू नये, कारण इंजिन मनाला येईल तेव्हा सुरू होते आणि धूर आत कोंडतो.

घरातला माणूस जहाजावर गेला आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की गडबड होते ती लहान 12 व्होल्टच्या बॅटरीमुळे. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी 'रेडी' होत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास उघड्यावर 'रेडी' ठेवणे किंवा एक फेरी मारणे पुरते. उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून पुस्तिकेनुसार जंप देता येतो. आपल्या हायब्रिडवरून शेजाऱ्याची गाडी सुरू करून देण्याचा शेजारधर्म मात्र टाळावा.

मोठ्या बॅटरीवर या दोन्ही कंपन्या 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांतले जे आधी होईल तोवर वॉरंटी देतात. ती टिकवण्यासाठी ठरलेल्या सर्व्हिस वेळच्या वेळी करून घ्याव्यात, वर्षातून एकदा बॅटरीच्या तपासणीचा अहवाल कागदावर मागावा आणि तो आरसी, विमा यांच्याबरोबर फाइलला लावावा. गाडी विकायला काढाल तेव्हा जाणता गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच कागद मागेल.