गॅसच्या विहिरीच्या प्रस्तावावर पत्र कसं लिहावं

अमेरिकेत वायोमिंगला आल्यावर शेजाऱ्याबरोबर म्यूल डिअर या हरणांच्या शिकारीला जाऊ लागलो. (आईला अजून सांगितलेलं नाही.) त्याच सरकारी रानात गॅसच्या विहिरीही असतात. या जमिनी सांभाळणाऱ्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याने नव्या विहिरींचा प्रस्ताव मांडला की त्यांना पत्र लिहा, पण नुसतं 'विहीर नको' लिहू नका, त्याने काही हलत नाही. आधी नकाशात नियोजित रस्ता आणि हरणांची स्थलांतराची वाट एकावर एक ठेवून बघा. मग नेमकं मागा: एकाच जागेवरून तिरप्या अनेक विहिरी, हरणांच्या हिवाळी चराईच्या काळात ड्रिलिंग बंद, सेज ग्राउस या पक्ष्यांच्या नाचाच्या जागेभोवती ०.६ मैल मोकळे. एप्रिलच्या पहाटे तिथे बसून बघाच; नर छातीवरच्या पिवळ्या पिशव्या फुगवतात आणि बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येतो. किती पक्षी, कुठे, कधी दिसले ते पत्रात लिहा. आणि पत्र पाठवायची मुदत पाळा, माझी एकदा दोन दिवसांनी हुकली होती.