तात्पुरत्या प्रोफाइलमधून मूळ खात्याकडे

संगणक बंद होत असतानाच वीज गेली आणि पुढच्या वेळी लॉगिन केल्यावर डेस्कटॉप कोरा करकरीत दिसला. विंडोजने मला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे खात्याच्या कामचलाऊ, कोऱ्या मांडणीत, आणून बसवले होते. सी ड्राइव्हवरील ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये माझ्या सर्व फायली जागेवर असल्याचे पाहून जीव भांड्यात पडला. आधी त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये काही साठवून उपयोग नसतो, कारण लॉगआउट होताच ते पुसले जाते.

मग दुसऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) उघडून, तिचा बॅकअप घेऊन, ‘प्रोफाइललिस्ट’ ही खात्यांच्या प्रोफाइलची यादी शोधली. तिथे ‘एस-१-५-२१’ने सुरू होणाऱ्या, एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी होत्या, त्यांपैकी एकीच्या शेवटी ‘.बॅक’ होते आणि माझ्या खऱ्या फोल्डरचा पत्ता तिच्याच ‘प्रोफाइलइमेजपाथ’मध्ये होता. बिनशेपटीच्या नोंदीचे नाव बदलून ती बाजूला सारली (पुसण्याचे धाडस झाले नाही), खऱ्या नोंदीचे ‘.बॅक’ काढले आणि तिच्यातील ‘स्टेट’ व ‘रेफकाउंट’ यांची मूल्ये शून्य केली.

रीस्टार्ट केल्यावर जुना डेस्कटॉप परतला. ‘एनटीयूजर.डॅट’ ही खात्याची सेटिंग्ज साठवणारी फाइलच खराब झाली असती, तर मात्र नवे खाते काढून फायली तिकडे हलवाव्या लागल्या असत्या.