फ्रेम आधी, फोटो मागून: प्रिंट काढताना होणाऱ्या चुका

‘फ्रेम घेऊनच आलोय दादा, यात बसेल एवढा फोटो काढून द्या.’ आमच्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य ऐकू येतं. फ्रेम १२ बाय १५ इंचाची. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, पुतण्याच्या लग्नातला. त्यात गेलेले आजोबा तिसऱ्या रांगेत, डोक्यावर फेटा, अर्धा खांदा पुढच्याच्या मागे. आणि उद्या तेरावं.

अशा वेळी कुणाला नाही म्हणवत नाही, पण गणित काही दयामाया करत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या दर्जात आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सल असते. पिक्सल म्हणजे ज्या बारीक ठिपक्यांनी फोटो बनतो ते. त्या गर्दीतून आजोबांचा चेहरा आणि खांदे कापून घेतले की हाती उरतात जेमतेम २४० बाय ३०० पिक्सल. ते १२ बाय १५ इंचांवर पसरले तर एका इंचाला २० ठिपके येतात. हातात धरून बघायच्या चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० लागतात. मग फोटो ‘फाटतो’, म्हणजे चेहऱ्याच्या जागी चौकटी दिसायला लागतात, आणि दोष मशीनला मिळतो.

यावर उपाय असतो, पण तो दुकानात नसतो. फोटो मुळात ज्याने काढला त्याला फोन करायचा आणि मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगायची. ‘एचडी’चा पर्याय साध्यापेक्षा बरा, तरी फाइल त्यातही दाबली जातेच. मूळ फोटो ४००० बाय ३००० पिक्सलचा, म्हणजे १२ मेगापिक्सलचा निघाला, तर तेच आजोबा ६०० बाय ७५० पिक्सलचे होतात. १२ बाय १५ ला हेही अपुरेच. पण ४ बाय ५ इंचाची प्रिंट काढली तर इंचाला १५० ठिपके मिळतात आणि चेहरा नीट ओळखू येतो. मग त्याच मोठ्या फ्रेममध्ये भोवती रुंद माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला पुठ्ठा, लावून फोटो बसवायचा. भिंतीवर ते पोरकं दिसत नाही, उलट जास्त देखणं दिसतं. लोकांना आधी पटत नाही, लावून दाखवलं की पटतं.

म्हणून फ्रेम शेवटी घ्या. फोटो किती मोठा होऊ शकतो हे आधी बघा.

पिक्सल मोजा, एमबी नको

‘फाइल पाच एमबीची आहे, मोठी होईल ना?’ एमबीवरून काही कळत नाही. झाडाच्या पानांचा फोटो जास्त एमबीचा होतो आणि मोकळ्या आभाळाचा कमी, पिक्सल दोन्हीत तेवढेच. मोबाइलमध्ये फोटोचा तपशील उघडला की रुंदी-उंचीचे आकडे दिसतात, ते बघा. इंचाला ३०० च्या हिशेबाने ४ बाय ६ च्या मॅक्सी प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सल लागतात, ८ बाय १२ ला २४०० बाय ३६०० आणि १२ बाय १८ ला ३६०० बाय ५४००. मोठा फोटो आपण दोन-तीन हात लांबून बघतो, म्हणून १२ बाय १८ ला इंचाला १५० ते २०० असले तरी चालून जातं. चौकातला फ्लेक्स तर त्याहून कितीतरी कमी ठिपक्यांवर निभावतो, कारण तो रस्त्यापलीकडून बघायचा असतो. पण फ्लेक्सला चाललेली फाइल अल्बमला चालेल असं समजू नका.

आणखी एक गैरसमज. कुणीतरी सांगतं, ‘फाइल ७२ डीपीआयची आहे, ३०० करून आण.’ डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके याचा, तो आकडा म्हणजे फाइलला लावलेली नुसती चिठ्ठी. पिक्सल तेवढेच राहिले तर चिठ्ठी बदलून प्रिंटमध्ये कणभरही फरक पडत नाही. सॉफ्टवेअरने फाइल फुगवून पिक्सल वाढवले तरी नवा तपशील येत नाही, आहे तोच पातळ होतो. पिठलं वाढवायला पाणी घालावं तसं.

परीक्षेच्या अर्जासाठी ५० केबीत बसवलेला फोटो प्रिंटला आणू नका. अर्ज भरताना आधी मूळ फोटो वेगळा ठेवा, मग त्याची प्रत लहान करा. स्क्रीनशॉटचंही तसंच, तो तुमच्या मोबाइलच्या पडद्याएवढाच असतो, मागचा फोटो कितीही मोठा असो.

डोकी का कापली जातात

पिक्सल पुरेसे असूनही ग्रुप फोटोत कडेची आत्या गायब होते. याला कारण आकार. मोबाइलचा फोटो बहुतेक वेळा ४:३ प्रमाणात असतो, मोठ्या कॅमेऱ्याचा ३:२. ४ बाय ६ चा कागद ३:२ आहे. मोबाइलचा फोटो त्यावर पूर्ण भरायचा तर ६ इंच लांबीला साडेचार इंच उंची येते आणि कागद चारच इंच. अर्धा इंच उडतो, म्हणजे फोटोचा नववा हिस्सा. वरून कापावं तर फेटे जातात, खालून कापावं तर पुढे मांडी घालून बसलेली पोरं.

कॅमेऱ्याच्या फोटोची ८ बाय १० काढली तर लांबीतले १२ पैकी २ इंच जातात. नवरीचा उभा फोटो असेल तर पैठणीचे काठ आणि पावलं दोन्ही गेलीच म्हणून समजा. त्यापेक्षा ८ बाय १२ घ्या, काहीच कापलं जात नाही. मोबाइलच्या फोटोला ६ बाय ८, ९ बाय १२, १२ बाय १६ ही मापं तंतोतंत बसतात. १२ बाय १५ ला किंचित कापावं लागतं, पण सांभाळता येतं.

लॅबवाल्यावर सोडू नका, क्रॉप स्वतः करून द्या. नाहीतर मशीन मधोमध धरून दोन्हीकडून कापतं, त्याला आत्या माहीत नसते. काहीच कापायचं नसेल तर ‘पांढरी पट्टी ठेवून पूर्ण फोटो काढा’ असं स्पष्ट सांगा. फोटो ताणून मात्र बसवू देऊ नका. माणसं आडवी फुगतात, आणि एकदा लक्षात आलं की दुसरं काही दिसत नाही. शिवाय फ्रेमची कड चारही बाजूंनी थोडा भाग झाकते. कडेला लिहिलेलं नाव किंवा तारीख त्याखाली जाते, म्हणून अक्षरं कडेपासून अर्धा इंच तरी आत घ्या.

खरं तर ही काळजी फोटो काढतानाच घ्यायची. ग्रुप उभा राहिला की दोन पावलं मागे जा, चहूबाजूंनी मोकळी जागा सोडा.

मोबाइलवर उजळ, कागदावर काळपट

मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद खोलीतल्या उजेडावर जगतो. पडद्याची चमक पूर्ण वाढवून, रात्री अंथरुणात पडून फोटो ‘एडिट’ केला की तो हवा त्यापेक्षा गडद राहतो. चमक निम्म्यावर आणा, डोळ्यांसाठीचा पिवळा प्रकाश बंद करा आणि दिवसा उजेडात बघा. शंका असेल तर सावलीतले चेहरे थोडे उजळून घ्या. लॅबच्या मशीनमध्ये आपोआप दुरुस्तीची सोय असते. तुम्ही मन लावून रंग ठरवले असतील तर ती बंद ठेवायला सांगा.

रंग विटके आले तर फाइलची रंगपद्धत तपासा. बहुतेक लॅब एसआरजीबी धरून चालतात. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर ठेवलेला असेल तर हळदीच्या फोटोतली हळदसुद्धा मळकी दिसू शकते. आयफोनचे फोटो सहसा हाइक (HEIC) प्रकारात असतात आणि काही दुकानांच्या संगणकावर उघडतच नाहीत. जेपेग करून न्या, तेही एकदाच. तीच जेपेग फाइल पुन्हापुन्हा उघडून सेव्ह करत राहिलं की दरवेळी थोडी झिजते.

ब्यूटी फिल्टरबद्दल बोलायचं तर मोबाइलवर गोड दिसणारा गाल १२ बाय १८ वर मेणाचा दिसतो. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं धूसर करताना मोकळे केस आणि गजऱ्याची कड खाल्ली जाते. मोबाइलवर ते जाणवत नाही, मोठ्या प्रिंटवर तिथेच नजर जाते. एआयने फोटो मोठा करणारी अ‍ॅप्सही आता सगळ्यांकडे आहेत. भिंत, झाडं, देऊळ यांना ती चालतात. चेहऱ्याला मी वापरत नाही. पिक्सल कमी पडले की ती डोळे आणि दात मनाने भरतात, आणि आजी फोटो हातात घेऊन विचारते, हे कोण?

पैसे घालवण्याआधीची पट्टी

१२ बाय १८ काढायचा असेल तर फोटोची रुंदी तीन आणि उंची तीन भागांत वाटा. ज्या नवव्या भागात चेहरा आहे तेवढाच कापून ४ बाय ६ ची चाचणी प्रिंट काढा, हीच पट्टी. मोठ्या प्रिंटमध्ये तो चेहरा नेमका तेवढाच आणि तसाच दिसणार असतो. फाटतोय का, काळपट आहे का, सगळं छोट्या प्रिंटच्या पैशांत कळतं. त्याच लॅबमधून, त्याच कागदावर काढा, नाहीतर पट्टीला अर्थ नाही.

जुना फोटो मोठा करताना

जुन्या ४ बाय ६ फोटोवरून मोठी प्रत हवी असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. २४०० बाय ३६०० पिक्सल मिळतात, ८ बाय १२ आरामात निघते. मूळ फोटोच धूसर असेल तर १२०० वर स्कॅन करून धूसरपणाच मोठा होईल.

फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहील. काचेसकट फोटो काढायचा. खिडकीजवळ, उजेड बाजूने येईल असा ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाइलच्या मागे काळं कापड धरायला कुणाला तरी उभं करा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब पडणार नाही.

चकचकीत कागदाचा फोटो काचेला टेकून ठेवला की पावसाळ्याच्या दमट हवेत असं चिकटणं हमखास होतं, कोकणात तर फारच. माउंट लावलेली असेल तर काच आणि फोटोमध्ये तिच्या जाडीएवढी फट राहते. माउंट नको असेल तर निदान मॅट, म्हणजे चकाकी नसलेला, कागद घ्या आणि बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर फ्रेम टांगू नका.