सप्रेसरने गोळीचा वेग घटतो का? असं मोजा

सप्रेसर म्हणजे बॅरलच्या टोकाला लावायचं, आवाज कमी करणारं नळकांडं. टेक्ससमध्ये आमच्या रेंजवर नवा माणूस हमखास विचारतो, "सप्रेसरने गोळी मंदावते ना?" नाही मंदावत. गोळी सप्रेसरच्या आतल्या पडद्यांना शिवतही नाही, अडतो तो तिच्यामागून येणारा वायू. उलट त्याचा दाब जरा जास्त वेळ टिकतो, म्हणून वेग कधी किंचित वाढतो. गैरसमजाचं मूळ बहुधा एमपी५एसडीसारख्या, सप्रेसर अंगचाच असलेल्या बंदुकांत असावं. तिच्या बॅरललाच भोकं आहेत, वायू तिथूनच निसटतो आणि साधी गोळीही आवाजाच्या वेगाखाली येते.

पटत नसेल तर मोजा. रायफल तीच, काडतुसं एकाच लॉटची, दोन्ही प्रकारे दहा-दहा गोळ्या. आधी दहाही उघड्या बॅरलने आणि मग दहाही सप्रेसरने, असं कृपया करू नका. बॅरल तापली की वेग चढतो आणि ते श्रेय फुकट सप्रेसरला जातं. पाच अशा, पाच तशा, मध्ये बॅरल गार होऊ द्या आणि पुन्हा तेच. तापलेल्या चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) काडतूस ठेवून गप्पा मारत बसू नका, दारू गरम झाली की आकडा फुगतो. बॅरलला बांधायचा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मला या कामाला नको वाटतो. बाजूला ठेवायचा रडार बरा. मात्र आवाजावर चालू होणारा रडार सप्रेसर असताना एखादी गोळी सोडून देतो, त्याची सेटिंग आधी बघून घ्या.

आता आकडे. दोन्ही सरासरींत 5 फूट प्रति सेकंदाचा फरक आला आणि गोळ्यांचे वेग आपसातच 40 फूट प्रति सेकंदांनी मागेपुढे असतील, तर त्या फरकाला काही अर्थ नाही.

खरा फरक पाडते बॅरलची लांबी. .308 या रायफलच्या काडतुसात बॅरल एक इंच कमी झाली की साधारण 20 ते 25 फूट प्रति सेकंद जातात. लांबी मोजताना बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) बंद करा, बॅरलच्या तोंडातून सळई बोल्टला टेकेपर्यंत सरकवा, तोंडाशी खूण करा आणि बाहेर काढून मोजा. आट्यांवर फिरवून बसवलेला सप्रेसर यात धरायचा नाही. अमेरिकी कायद्यातली रायफलच्या बॅरलची किमान 16 इंचांची मर्यादा त्याच्याशिवाय भरावी लागते. कायमचा जोडला असेल, उदाहरणार्थ वेल्ड करून, तरच तो लांबीत धरतात.

सप्रेसर चढवल्यावर झीरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का, हे मात्र पुन्हा तपासाच. टोकाला वजन आलं की गोळी दुसरीकडे लागते. आणि दर पाच गोळ्यांनंतर, बंदूक रिकामी करून, जाड हातमोजा घालून तो सैल झालाय का बघा.