पेरणीच्या तोंडावर: जड धातूंपासून शेत आणि मेंदू जपण्यासाठी

पेरणी जवळ आली की बियाणे, खते आणि बुरशीनाशके एकदमच घरात येतात. जड धातूंशी आपला सर्वांत जवळचा संबंध येतो तो याच दिवसांत. बहुतेक कीटकनाशके ऊन, पाणी आणि जिवाणूंमुळे कालांतराने विघटित होतात. धातू होत नाहीत. शिसे, पारा, कॅडमियम, आर्सेनिक एकदा मातीत मुरले की पुढच्या पिढीलाही तिथेच सापडतात. शरीरातले शिसे हाडांत दशकानुदशके साठून राहते आणि उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरते, म्हणजे नेमके मेंदू थकण्याच्या वयात.

सर्वांत आधी बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याबद्दल. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पाऱ्याचे बुरशीनाशक लावलेला गहू आणि सातू पेरणीसाठी वाटला गेला. पोत्यांवरच्या सूचना लोकांना वाचता न येणाऱ्या भाषांत होत्या. अनेकांनी ते धान्य दळून खाल्ले. धुतल्यावर रंग गेला, पारा गेला नाही. त्रास काही आठवड्यांनी सुरू झाला: हातापायांना मुंग्या, तोल जाणे, दृष्टी अधू होणे. ६,५०० हून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले आणि तिथे ४५९ जण दगावले. आज बीजप्रक्रियेची औषधे वेगळी असली तरी नियम तोच आहे. उरलेले बियाणे धुऊन, वाळवून खाऊ नका, जनावरांना किंवा कोंबड्यांना घालू नका आणि रिकाम्या पोत्यात धान्य भरू नका. पोते घरातल्या प्रत्येकाला ओळखता यायला हवे, वाचता न येणाऱ्यांनाही.

आता मँकोझेब. या बुरशीनाशकाच्या मूळ रसायनात सुमारे २० टक्के मँगनीज असते. मँगनीज पिकालाही लागते आणि आपल्यालाही. अन्नातून जास्त गेले तर यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासातून गेलेली भुकटी मात्र हा पहारा चुकवते. मँगनीजच्या धुळीने कंपवातासारखा आजार होतो, हे स्कॉटलंडमधील डॉक्टर जॉन कूपर यांनी १८३७ मध्येच कामगारांमध्ये पाहून नोंदवले होते. म्हणून माझ्या मते फवारणीइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, काळजी भुकटी मोजताना घ्यावी. वारा आपल्याकडून डब्याकडे वाहील असे उभे राहा, हातमोजे आणि एन-९५ दर्जाचा मास्क घाला, आधी थोड्या पाण्यात पातळ लगदा करा आणि मगच पंपात ओता. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. कामाचे कपडे वेगळे धुवा. अवजारांचे वेल्डिंगही मोकळ्या हवेतच करा, त्या धुरातही मँगनीज असते.

मातीकडे येऊ. स्फुरदयुक्त खते खडकापासून बनतात आणि त्या खडकात कमी-अधिक कॅडमियम असते. त्यामुळे माती परीक्षणात गरज दिसेल तेवढेच स्फुरद द्या. आम्लधर्मी जमिनीत पीक कॅडमियम जास्त उचलते; अशा ठिकाणी चुना देऊन सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप) ६.५ च्या आसपास आणल्यास फरक पडतो. पालेभाज्या कॅडमियम पटकन शोषतात, म्हणून कारखान्याचे सांडपाणी किंवा मैल्याचा गाळ पडलेल्या तुकड्यात त्या घेऊ नका. भातात पेच आहे: सतत पाणी साचवले तर आर्सेनिक दाण्यात जास्त उतरते, पाणी मधूनमधून आटू दिले तर आर्सेनिक घटते पण कॅडमियम वाढू शकते. दोन्हींची तपासणी केल्याशिवाय पाण्याची पद्धत बदलू नका. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पिण्यात असेल तर आर्सेनिक तपासाच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे.

जुन्या बॅटऱ्या फोडू नका, गोठ्याचा किंवा शेडचा जुना रंग कोरडा घासू नका. शिशाचा सर्वाधिक फटका वाढत्या मुलांच्या मेंदूला बसतो.

शिसे किंवा कॅडमियम शरीरात जास्त असलेल्या वयस्कांची स्मरणशक्ती कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. तरी एखाद्याचा स्मृतिभ्रंश धातूमुळेच झाला, असे त्यावरून म्हणता येत नाही. पारा आणि मँगनीज यांचा मेंदूवरचा आघात मात्र सिद्ध आहे. चालण्यात ताठरपणा, मागे पाऊल टाकताना तोल जाणे, अक्षर बारीक होणे, हात थरथरणे असे काही दिसले तर डॉक्टरांना वय आणि त्रासाबरोबर हेही सांगा: किती वर्षे फवारणी केली, कोणती भुकटी हाताळली, वेल्डिंग केले का. मँगनीजमुळे झालेला त्रास कंपवाताच्या नेहमीच्या औषधाला फारशी दाद देत नाही, आणि विचारल्याशिवाय ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही.