रणगाड्याचं सस्पेन्शन डिझाइन करताना या चुका टाळा

सोलापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला रणगाड्यासारख्या ट्रॅकवर (साखळीसारख्या पट्ट्यांवर) चालणाऱ्या वाहनाचा प्रोजेक्ट घेणारी मुलं बहुतेक एकाच ठिकाणी अडकतात. गाडी जड आहे म्हणजे स्प्रिंग कडक हवी, असं धरून चालतात. वजन पेलणं सोपं आहे हो! उभी गाडी स्वतःच्या वजनानं स्प्रिंगवर 25 सेंमी बसत असेल तर ती सेकंदाला साधारण एकदा डोलते. 6 सेंमीच बसत असेल तर दोनदा. नांगरलेल्या रानात ही दुसरी गाडी आतल्या माणसांची हाडं खिळखिळी करते, आणि मग ड्रायव्हरच वेग कमी करतो.

दुसरी चूक मला जास्त खटकते: प्रत्येक चाकाला सारखा शॉक ॲब्सॉर्बर. टी-72 रणगाड्याला एका बाजूला सहा रोड व्हील (ट्रॅकवर टेकून वजन पेलणारी चाकं) असतात, पण शॉक ॲब्सॉर्बर फक्त पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या चाकाला. कारण उंचवट्यांवरून जाताना रणगाड्याचं नाक सारखं खाली-वर होतं. ते आवरायला गाडीच्या मध्यापासून दुप्पट अंतरावर बसवलेला शॉक ॲब्सॉर्बर चौपट उपयोगी पडतो. मधल्या चाकांवर पैसा आणि वजन कशाला घालवायचं?

टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी कांब, वापरणार असाल तर तो हलच्या (रणगाड्याच्या धडाच्या) तळातून आडवा जातो, शेजारी दुसऱ्या बाजूचा बार असतो, म्हणून डावी-उजवी चाकं एका रेषेत येत नाहीत. ड्रॉइंगमध्ये हे सुरुवातीलाच धरा. बारला कारखान्यातच एका दिशेनं पीळ देऊन ठेवलेला असतो. डावा बार उजवीकडे बसवला की लवकर तुटतो. बसवताना पान्याचा साधा ओरखडा उठला तरी तडा तिथूनच सुरू होतो.

अर्जुन रणगाड्यासारखं हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी तेल आणि दाबलेला नायट्रोजन वायू) घेतलंत तर उष्णतेचा हिशेब सोडू नका. बंद जागेतला नायट्रोजन 20 अंशांवरून 90 अंशांवर गेला की दाब जवळपास पाव पटीनं वाढतो. दुपारी गाडी उंच झालेली वाटली तर आधी गॅसचं तापमान बघा.

जमिनीवरचा दाब काढताना वजन भागिले ट्रॅकचं क्षेत्रफळ एवढ्यावर थांबू नका. मऊ जमिनीत खरा भार चाकांच्या खाली एकवटतो. मोहोळ-बार्शीकडची काळी माती ओली झाली की चाक आणि हलच्या मधे थापून बसते, सस्पेन्शन आर्मला (चाक धरणाऱ्या दांड्याला) वर जायला जागाच उरत नाही. तेवढी फट मोकळी ठेवा, आणि चाचणी कॉलेजच्या मैदानावर नको, पाऊस पडून गेलेल्या शेतात घ्या.