विषाणूजन्य श्वसनरोगाची तीव्रता आणि जनुकीय भिन्नता : संशोधनातील दावा कसा पारखावा

‘अमुक जनुकप्रकार असणाऱ्यांना फ्लू किंवा कोविड अधिक तीव्र होतो’ असा दावा वाचनात आला, की बहुतेकांची नजर जनुकाच्या नावाकडे जाते. वास्तविक आधी शोधायला हवे ते हे, की अभ्यासकांनी तीव्र आजारी कोणाला धरले आणि त्यांची तुलना कोणाशी केली. या दोन प्रश्नांची उत्तरे शोधनिबंधाच्या पद्धतीविषयक भागात असतात, मथळ्यात किंवा सारांशात क्वचितच असतात. म्हणून वाचनाची सुरुवात त्या भागापासून करावी. पुढील विवेचन वैद्यकाचे विद्यार्थी, आरोग्यविषयक लेखन करणारे आणि स्वतःचा जनुकीय अहवाल हातात असलेले जिज्ञासू वाचक यांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

मुळात आनुवंशिकतेचा संसर्गाच्या परिणामाशी संबंध असतो का, याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा एक अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे जन्मदाते आई किंवा वडील पन्नाशीच्या आत संसर्गजन्य रोगाने दगावले होते, त्या मुलांना स्वतःही संसर्गाने मृत्यू येण्याचा धोका पाचपटींहून अधिक आढळला. दत्तक घेणारे पालक संसर्गाने दगावल्याचा मात्र असा परिणाम दिसला नाही. घर आणि आहार दत्तक पालकांचा, पण धोका जन्मदात्यांकडून आलेला, असे येथे स्पष्ट दिसते. तथापि असा अभ्यास कोणत्या जनुकामुळे काय घडले हे सांगू शकत नाही, आणि खरी गुंतागुंत तेथूनच सुरू होते.

तीव्रतेची व्याख्या आधी शोधा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये कोविडसाठी ० ते १० अशी एक श्रेणी सुचवली. तिच्यात ० म्हणजे संसर्ग नसणे आणि १० म्हणजे मृत्यू. या श्रेणीवर रेघ कोठे ओढली यावर अभ्यासाचा अर्थ बदलतो. इटली आणि स्पेनमधील रुग्णांवर आधारलेला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला आणि पुढे सतत उद्धृत होत राहिलेला अभ्यास पाहा. त्यात रुग्णांचे वर्णन श्वसन निकामी झालेले असे केले आहे. परंतु व्याख्या वाचली तर केवळ पूरक प्राणवायू द्यावा लागलेले रुग्णही त्यात समाविष्ट आहेत, आणि कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवलेलेही. ही निवड चुकीची नाही, पण ती ठाऊक नसेल तर वाचक सगळेच रुग्ण मरणाच्या दारात होते असे समजून बसतो.

‘रुग्णालयात दाखल झालेले’ हा निकष तर याहूनही सैल आहे. दाखल करण्याचा निर्णय फुप्फुसांच्या अवस्थेइतकाच रुग्णाचे वय, खाटांची उपलब्धता, घरी काळजी घेणारे कोणी आहे की नाही आणि त्या काळातील धोरण यांवर अवलंबून असतो. आरएसव्ही या श्वसनविषाणूची बाधा झालेल्या तान्ह्या बाळाला अनेकदा निव्वळ निरीक्षणासाठी ठेवून घेतात. अशा वेळी जनुकप्रकार आणि रुग्णालयातील प्रवेश यांचा संबंध आढळला, तरी तो फुप्फुसातील घडामोडींचाच संबंध आहे असे लगेच मानू नये.

तुलना कोणाशी केली आहे

माझ्या मते संपूर्ण पडताळणीत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तीच सर्वाधिक वेळा गाळली जाते. तुलनागट साधारणपणे दोन प्रकारे निवडतात. पहिल्या प्रकारात तीव्र रुग्णांची तुलना सर्वसाधारण लोकसंख्येशी करतात. ब्रिटनमधील जेनोमिक या प्रकल्पाने अतिदक्षता विभागातील २,२४४ कोविड रुग्णांची तुलना यूके बायोबँक या स्वयंसेवकांच्या जनुकीय आणि आरोग्यविषयक माहितीच्या संग्रहातील लोकांशी केली. यामुळे तुलनागट मोठा मिळतो; पण त्यातील बहुतेकांना तोपर्यंत विषाणूची बाधाच झालेली नसते. साहजिकच जे फरक दिसतात त्यांत ‘बाधा लवकर होणे’ आणि ‘बाधा झाल्यावर आजार बळावणे’ या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात.

दुसऱ्या प्रकारात बाधित झालेल्याच, पण सौम्य आजार असलेल्या लोकांशी तुलना करतात. तर्काच्या दृष्टीने ही तुलना अधिक नेमकी वाटते, मात्र तिच्यातही एक खोच आहे. साथीच्या आरंभी चाचण्या कमी होत्या आणि त्या लक्षणे असलेल्यांच्या, रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांच्या किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांच्याच होत होत्या. सौम्य बाधितांचा असा गट हा सर्व बाधितांचा नमुना नसतो. चाचणीपर्यंत पोहोचलेल्यांचा असतो. ज्या कारणांमुळे माणूस चाचणीपर्यंत पोहोचतो तीच कारणे आजाराच्या तीव्रतेशीही निगडित असतील, तर अस्तित्वात नसलेला संबंध आकड्यांत उमटू शकतो.

रक्तगटाचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. वर उल्लेखिलेल्या इटली-स्पेनच्या अभ्यासात ‘ए’ रक्तगटाच्या लोकांत धोका अधिक आणि ‘ओ’ रक्तगटाच्या लोकांत कमी दिसला, आणि ही बातमी सर्वत्र पसरली. तुलनागटात मात्र रक्तदात्यांचाही समावेश होता, आणि ‘ओ’ गटाच्या रक्ताला मागणी अधिक असल्याने रक्तदात्यांत त्या गटाचे प्रमाण मुळातच वाढलेले असू शकते. लेखकांना याची जाणीव होती आणि त्यांनी त्याची पडताळणीही केली. पुढे २०२१ मध्ये कोविड-१९ होस्ट जेनेटिक्स इनिशिएटिव्ह या आंतरराष्ट्रीय गटाने १९ देशांतील ४९,५६२ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा त्यांनी अत्यवस्थ रुग्ण, रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण आणि नोंद झालेले सर्व बाधित असे तीन वेगळे हिशेब मांडले. त्यात रक्तगटाच्या जनुकाचा संबंध मुख्यतः बाधा होण्याशी असल्याचे दिसले, तर तिसऱ्या गुणसूत्रावरील प्रमुख संकेताचा (म्हणजे आजाराशी जोडलेल्या आढळलेल्या ठिकाणाचा) संबंध आजार बळावण्याशी. म्हणजे एकाच अभ्यासातून तीव्रतेचे म्हणून बाहेर पडलेले दोन निष्कर्ष वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. ज्या शोधनिबंधात असे वेगळे हिशेब मांडलेले असतात त्याला मी अधिक वजन देतो.

आकडा उलगडून पाहा

तिसऱ्या गुणसूत्रावरील ३पी२१.३१ या भागासाठी त्या इटली-स्पेनच्या अभ्यासात १.७७ हा ऑड्स रेशो, म्हणजे दोन गटांतील ऑड्सचे गुणोत्तर, मिळाला. बातमीत त्याचे रूपांतर ‘धोका ७७ टक्क्यांनी वाढतो’ असे होते. ऑड्स म्हणजे घटना घडणाऱ्यांचे न घडणाऱ्यांशी प्रमाण, त्यामुळे खरा धोका काढायचा तर मूळ धोका ठाऊक हवा. समजा, एखाद्या वयोगटात हा जनुकप्रकार नसणाऱ्यांपैकी १ टक्का लोकांना तीव्र आजार होतो. त्यांचे ऑड्स १ ला ९९, त्याला १.७७ ने गुणले आणि पुन्हा टक्केवारीत आणले, तर धोका सुमारे १.७६ टक्के होतो. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव लोकांना तरीही तीव्र आजार होत नाही. आता मूळ धोका २० टक्के असलेला वयोवृद्ध गट घ्या. तेथे तोच आकडा धोका सुमारे ३०.७ टक्क्यांवर नेतो, म्हणजे वाढ सुमारे ५३ टक्क्यांची दिसते, ७७ ची नव्हे. हे दोन्ही मूळ धोके केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. शिवाय येथे गुणक सर्व वयांत सारखा मानला आहे. प्रत्यक्षात या भागाचा परिणाम साठीच्या आतील रुग्णांत तुलनेने अधिक दिसतो.

हा आकडा जनुकप्रकाराच्या एका प्रतीमागचा आहे की दोन प्रतींचा, हेही पाहावे. आई आणि वडील दोघांकडून तोच प्रकार आला असेल तर गुणक सामान्यतः दोनदा लागू करतात.

सांख्यिकीय खात्रीविषयी थोडक्यात सांगायचे तर, संपूर्ण जीनोम, म्हणजे माणसाची सगळी जनुकीय माहिती, धुंडाळणाऱ्या अभ्यासात लक्षावधी ठिकाणे तपासली जातात, त्यामुळे नेहमीचा ‘विसात एक’ हा निकष तेथे कुचकामी ठरतो. योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता दोन कोटींत एक किंवा त्याहून कमी असेल, तरच संकेत ग्राह्य धरण्याचा प्रघात आहे. केवळ एखादे आवडते जनुक निवडून केलेल्या लहान अभ्यासांना हा चाप नसतो.

ठिकाण म्हणजे जनुक नव्हे

असे अभ्यास गुणसूत्रावरील एक पट्टा दाखवतात. त्या पट्ट्यातील अनेक बदल पिढ्यानपिढ्या एकत्रच वारशाने येत असल्यामुळे खरा कारणीभूत बदल कोणता हे आकड्यांवरून ठरत नाही. ३पी२१.३१ च्या पट्ट्यात सहा जनुके आहेत. सुरुवातीला संशय प्रतिकारपेशींना वाट दाखवणाऱ्या ग्राहींच्या जनुकांवर होता. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मात्र पेशींवरील प्रयोगांतून फुप्फुसांच्या अस्तरपेशींमधील एलझेडटीएफएल१ या जनुकाकडे बोट दाखवले. म्हणून बातमीत जनुकाचे नाव ठामपणे घेतलेले दिसले, तर त्यामागे असे प्रयोग आहेत की पट्ट्यातले सर्वांत जवळचे जनुक नुसते उचलले आहे, हे तपासावे.

डीएनएच्या सुमारे ५०,००० अक्षरांचा हाच पट्टा निअँडरथल या नामशेष मानवाकडून आल्याचे ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पाबो या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले. त्याचे प्रमाण दक्षिण आशियात सुमारे ३० टक्के आणि युरोपात सुमारे ८ टक्के आहे. येथे प्रतींचे प्रमाण आणि माणसांचे प्रमाण यांत गल्लत होते. ३० टक्के प्रती म्हणजे किमान एक प्रत बाळगणारी माणसे सुमारे ५१ टक्के : ४२ टक्क्यांकडे एक प्रत आणि ९ टक्क्यांकडे दोन. पण एखाद्या प्रदेशात प्रत अधिक आढळते एवढ्यावरून तेथील मृत्यूंचे प्रमाण समजावून सांगता येत नाही, कारण वयोरचना, सहव्याधी, उपचारांची उपलब्धता आणि नोंदींची पद्धत प्रदेशागणिक बदलते. त्याच निअँडरथल वारशातून बाराव्या गुणसूत्रावर आलेला दुसरा पट्टा, ज्यात ओएएस१ हे जनुक आहे, तीव्र कोविडचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी करतो. एमयूसी५बी या जनुकाचा फुप्फुसांच्या फायब्रोसिसला (ऊती घट्ट व व्रणयुक्त होण्याला) निमंत्रण देणारा प्रकार कोविडमध्ये उलट संरक्षक आढळला आहे. चांगले जनुक आणि वाईट जनुक ही भाषा त्यामुळे सोडूनच द्यावी.

दुसऱ्या लोकसमूहात पुन्हा दिसले का

फ्लूच्या बाबतीत आयएफआयटीएम३ या जनुकाची कथा उद्बोधक आहे. २०१२ च्या अभ्यासात रुग्णालयात दाखल झालेल्या ५३ रुग्णांपैकी ३ जणांत एका विशिष्ट जागी दोन्ही प्रती ‘सी’ अक्षराच्या आढळल्या. युरोपात हा प्रकार अत्यंत दुर्मीळ असल्याने तीन ही संख्याही ठळक ठरली, पण अवघ्या तीन माणसांवर उभा असलेला तो निष्कर्ष होता. पुढल्या वर्षी हान चिनी रुग्णांत, जेथे हा प्रकार मुळातच सर्रास आढळतो, तीव्र आजारात ६९ टक्के आणि सौम्य आजारात २५ टक्के असे प्रमाण मिळाले. युरोपीय वंशाच्या लोकांतील नंतरच्या काही अभ्यासांत मात्र संबंध दिसला नाही. इतक्या विषम प्रमाणात आढळणाऱ्या प्रकाराच्या बाबतीत दोन्ही गटांचे वांशिक मूळ जरा जरी वेगळे असले, तरी खोटा संबंध निर्माण होतो; म्हणून वांशिक भेदाची दुरुस्ती कशी केली ते अवश्य वाचावे.

दुर्मीळ बदलांची जात वेगळी

आतापर्यंतचे सर्व प्रकार सर्रास आढळणारे आणि थोडा परिणाम करणारे होते. याउलट काही बदल लाखांत एखाद्याकडे असतात आणि एकट्याने आजार ओढवतात. २०१५ मध्ये फ्रान्समधील एका मुलीची नोंद प्रसिद्ध झाली. अडीच वर्षांची असताना तिला फ्लूने अत्यवस्थ केले होते. आयआरएफ७ या जनुकाची एक सदोष प्रत आईकडून आणि दुसरी वडिलांकडून आल्याने तिच्या पेशींना पुरेसे इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूंविरुद्ध शरीराला सावध करणारी प्रथिने, तयार करता येत नव्हते. एकेक चांगली प्रत असलेले आईवडील निरोगी होते. कोविडमध्ये टीएलआर७ या एक्स गुणसूत्रावरील जनुकाचे दोष २०२० मध्ये नेदरलँड्समधील दोन कुटुंबांतील चार तरुण पुरुषांत सापडले. पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एकच असल्याने त्याला दुसऱ्या प्रतीचा आधार नसतो. अशा संशोधनात रुग्णसंख्या मोठी नाही म्हणून नाक मुरडू नये. तेथे पाहायचे असते ते प्रयोगशाळेतील पुराव्याकडे : त्या रुग्णाच्या पेशींत प्रतिसाद खरोखर मंदावतो का, आणि निरोगी प्रत घातल्यावर तो पूर्ववत होतो का.

एक सावधगिरी मात्र हवी. इंटरफेरॉनचा अभाव नेहमी जनुकीय नसतो. २०२० च्या एका अभ्यासात अत्यवस्थ ९८७ कोविड रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध प्रतिपिंडे आढळली, आणि त्यांतील ९५ पुरुष होते. जनुके निर्दोष असूनही परिणाम तोच.

स्वतःचा अहवाल हाती असेल तर

घरी लाळ गोळा करून पाठवायच्या चाचण्या मुख्यतः सर्रास आढळणारे प्रकार वाचतात. दुर्मीळ बदलांच्या बाबतीत त्यांच्या कच्च्या माहितीत चुकीच्या नोंदी बऱ्याच असतात, त्यामुळे त्यात टीएलआर७ किंवा आयआरएफ७ चा दोष दिसला, तर वैद्यकीय प्रयोगशाळेतील स्वतंत्र चाचणीने तो पक्का झाल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. सर्रास आढळणारा जोखमीचा प्रकार निघाला, तर उपचारांत किंवा लसीकरणाच्या वेळापत्रकात त्यामुळे बदल होत नाही. वय आणि सहव्याधी यांवरून दिलेला सल्लाच लागू राहतो.

जनुकीय तपासणीचा विषय डॉक्टरांकडे आवर्जून काढावा असे प्रसंग मोजके आहेत : पूर्वी ठणठणीत असलेल्या बालकाला किंवा तरुणाला साध्या श्वसनविषाणूने अत्यवस्थ केले असेल, असे वारंवार घडत असेल, किंवा आईकडील नात्यातील एकाहून अधिक तरुण पुरुषांना असा आजार झाला असेल. अशा वेळी प्रतिकारशक्तीच्या विकारांचे तज्ज्ञ आणि जनुकीय समुपदेशक यांच्याकडे जाताना आजाराची तारीख, सापडलेला विषाणू, प्राणवायूची पातळी, दिलेले श्वसनसाहाय्य आणि नातेवाइकांतील अशा आजारांची नोंद लेखी स्वरूपात सोबत न्यावी. निदान पक्के झाले तर नियमित लसीकरण, ताप येताच तपासणी आणि विषाणूरोधक औषध लवकर सुरू करणे यांचे नियोजन करता येते, आणि भावंडांची तपासणी करायची की नाही हेही त्याच भेटीत ठरवता येते.